पहिला चीक

"पिळून टाक," आत्याबाई म्हणाल्या. "वाटीत पीळ आन मोरीत वत. तीन दिस. मग लाव अंगाला."

मला बाळंत होऊन वीस मिनिटं झाली होती. खाली टाके, हाताला सलाइन, ओठ कोरडे पडलेले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत आहे. बाळ त्यांच्या हातात होतं, जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. मुलगी. चार किलो शंभर ग्रॅम.

"मॅडमनी सांगितलंय, अर्ध्या तासाच्या आत पाजायचं," मी म्हणाले.

"मॅडमला सांगाया काय जातंय? चिकाचं दूध जड असतंय. लेकराच्या आतड्याला चिकटून बसतंय. आमच्या घरात आजवर कुणी पाजलं न्हाई."

"आत्याबाई, द्या तिला माझ्याकडं."

"देतीया की. तीन दिस झालं की देतीया. तवर गुळाचं पाणी हाय."

आणि बाळाला घेऊन त्या खोलीबाहेर पडल्यासुद्धा. बाहेर व्हरांड्यात त्यांची गिऱ्हाइकं जमली होती. पेठेतली निम्मी घरं आमच्याकडचंच दूध घ्यायची, त्यामुळे निलव्वा गवळणीला नात झाल्याची बातमी माझे टाके पूर्ण व्हायच्या आत सगळीकडे पोचली होती.

"सव्वाचार किलो!" आत्याबाईंचा आवाज आला. दारापर्यंत शंभर ग्रॅम होते, दाराबाहेर त्यांचे अडीचशे झाले. "बगा आमच्या म्हशीच्या दुधाची ताकद!"

ते वजन म्हशीच्या दुधाचं नव्हतं. ते माझ्या रक्तातल्या साखरेचं होतं, आणि त्या दवाखान्यात त्या घडीला हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक असेल तर ते डॉक्टर पाटणकर मॅडमना. पण मॅडम माझे टाके घालून तशाच ऑपरेशनच्या खोलीत गेल्या होत्या. एक अडलेली बाई जीपमधून आली होती, तिचं पोट उघडायचं होतं. जाताना सलोमी सिस्टरला सांगून गेल्या, "हिचं बाळ लगेच अंगाला लाव, आणि तासाभरानं त्याची शुगर बघ." सलोमी हो म्हणाली, आणि पाचव्या मिनिटाला मॅडमनी तिलाही आत बोलावून घेतलं. खोलीत मी आणि पंखा, दोघंच उरलो.

ही वीस वर्षांपूर्वीची, जतची गोष्ट. मी मूळची मिरजेची. लग्न होऊन आले ती थेट बावीस म्हशींच्या गोठ्यात. घरात सासूबाई, नवरा आणि मी. सासरे लवकर गेलेले, नवरा एकुलता एक, नाव गुरुपाद. घरात आवाज मात्र एकच, तो आत्याबाईंचा. बाई गोठ्यात शिरली की म्हशीसुद्धा रवंथ थांबवून बघायच्या. कुणाची म्हैस विताना अडली तर लोक गुरांच्या डॉक्टरच्या आधी आमच्या दारात येत.

सातव्या महिन्यात पाटणकर मॅडमनी मला ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "शैलजा, तुला गरोदरपणातला मधुमेह आहे." मी चोवीस वर्षांची, अंगानं काटकुळी. मला वाटलं बाटलीवर चुकून दुसऱ्याच बाईचं नाव पडलं असेल.

घरी सांगितल्यावर आत्याबाई हसल्याच. "साखर बसून खाणाऱ्याला हुती. शेणात हात घालणाऱ्या बाईला कुठली साखर?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दम भरला, की ही गोष्ट पेठेत कुणाला कळता कामा नये. गवळ्याच्या सुनेला साखर म्हटल्यावर लोक दुधावरच शंका घेणार. तरी बातमी फुटलीच. मळ्याकडचा एक म्हातारा दूध घेताना म्हणाला, "निलव्वा, साखर सुनंला दिलीस, आमच्या दुधात का न्हाई टाकत?" आत्याबाईंनी त्याचं भांडं तसंच रिकामं परत दिलं. सात दिवस त्याला दूध मिळालं नाही.

मी मात्र इरेला पेटले. ज्वारीची एक भाकरी मोजून, भात बंद, चहा बिनसाखरेचा. जेवल्यावर गोठ्याला वीस फेऱ्या. महिन्याभरानं तेवढ्यानंही भागेना, तेव्हा इन्सुलिनच्या सुया सुरू झाल्या. शीतकपाटात लोण्याच्या डब्याशेजारी मी त्या ठेवायची आणि आत्याबाई त्यांना विषाच्या सुया म्हणायच्या. रोज सकाळी तांब्याभर दूध, त्यात गूळ नि डिंक, माझ्यासमोर आणून आदळायच्या. "पी. पोटातलं लेकरू उपाशी मरंल." मी ते त्यांच्या पाठीमागं दह्याच्या मडक्यात ओतायची. त्या दोन महिन्यांत आमचं दही फार गोड लागतं असं गिऱ्हाइकं म्हणायची.

डोहाळजेवणाला मात्र मी हरले. पन्नास बायका, हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि प्रत्येकीच्या हातचा एक घास. नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. संध्याकाळी साखर तपासली तर यंत्रावर आकडा बघून मी पाटावरच बसून रडले. त्यानंतर ठरवलं की पुन्हा कुणाचं मन राखायचं नाही. माझ्या पोटातलं कुणाच्या मनापेक्षा मोठं आहे.

नवव्या महिन्यात मॅडमनी मला समोर बसवून सगळं नीट समजावलं होतं. "तुझ्या रक्तातली जादा साखर नाळेतून बाळाकडे जाते. ती जिरवायला बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि त्यातच थोराड होतं. जन्मलं की नाळ तुटते. साखर थांबते, पण त्याचं इन्सुलिन लगेच थांबत नाही. मग पहिल्या काही तासांत बाळाची साखर झरझर खाली येते. बाळ शांत झोपून राहिलं तर गुणी आहे म्हणून कौतुक करत बसू नकोस. हात थरथरले तर थंडी वाजते असं समजू नकोस. तेव्हा त्याला तुझं पहिलं दूध लागतं. फार खाली गेली तर झटके येतात, मेंदूला इजा होते."

हे सगळं मला पाठ होतं. आणि माझी मुलगी व्हरांड्यात हातोहात फिरत होती.

सलोमीची बराच वेळ वाट बघून शेवटी मी हाका मारल्या. "अहो! अहो, ऐकता का?" नवरा दारात आला. त्याच्या हातात बत्ताशांचा पुडा होता.

"बाळ रडतंय का?" मी विचारलं.

"छे गं. एकदम गुणी. आल्यापासनं झोपलीय नुसती."

"तिला घेऊन या. आत्ताच्या आत्ता. तिला पाजायचंय."

तो गेला. बाहेर कुजबुज झाली, मग आत्याबाईंचा चढा आवाज. तो परत आला तो पुडा घेऊनच. "आई म्हणती, आमच्यात तीन दिवस..."

"तुमच्यात! आणि माझं काय? ती माझ्या पोटातनं आलीय का तुमच्या?"

"शैला, थोडं सबुरीनं घे. मॅडम येतीलच." एवढं बोलून तो जमिनीकडे बघत उभा राहिला. आईपुढं तो असाच उभा राहायचा.

एवढ्यात सलोमी धापा टाकत आली. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, नुकतीच मिरजेहून नर्सिंग शिकून आलेली. "पाजलं का?" तिनं विचारलं. मी मान हलवली. घड्याळात बघून तिचा चेहरा उतरला. सव्वा तास उलटून गेला होता. ती यंत्र घेऊन धावत व्हरांड्यात गेली. "अगं बाई, लेकराच्या टाचंला टोचतीस व्हय गं?" आत्याबाई ओरडल्या. पण ते पोर रडलं नाही. सुई टोचली तरी माझी मुलगी रडली नाही, हे मला खोलीत बसून कळलं.

सलोमी दारात येऊन म्हणाली, "ताई, एकतीस आहे. चाळीसच्या वर पाहिजे. तासाभरात चढली नाही तर सलाइन लावून सांगलीला न्यावं लागेल. मॅडमनी तिकडं त्या बाईचं पोट उघडलेलं आहे, त्या येऊ शकत नाहीत. तुमच्या सासूबाई माझ्या हातात बाळ देईनात."

सांगली तेव्हा गाडीनं अडीच तास. वाटेत त्या एकतीसचं काय होईल हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी सलाइनची नळी बंद करायला लावली आणि उठले. "ताई, टाके तुटतील!" सलोमी म्हणाली. "तुटू दे. शिवता येतात," मी म्हणाले. पहिल्या पावलाला डोळ्यांपुढं अंधारी आली. नवऱ्यानं दंड धरला, मी त्याचा हात झटकला आणि भिंत धरून चालत गेले. पाय ओले झाल्याचं कळत होतं, पण खाली बघितलं नाही.

व्हरांड्यात दहा-बारा माणसं होती. आत्याबाई बाकावर बसलेल्या, मांडीवर बाळ, शेजारी वाटीत गुळाचं पाणी आणि कापसाची वात. बाळाचा एक हात फडक्याबाहेर होता. तो थरथरत होता.

"तिचा हात बघा," मी म्हणाले.

"थंडी वाजतीया. झाकतीया की." त्यांनी हात आत घेतला. "तू कशापायी उठलीस? लाज न्हाई, शरम न्हाई. पडून ऱ्हा जा."

"तिची साखर उतरलीय. तिला माझं दूध पाहिजे."

"साखर उतरली तर हे काय पाजतीया मी? गूळच हाय ना?"

उत्तर सलोमीनं दिलं. "आजी, गुळानं साखर एकदम चढते आणि तितक्याच जोरानं परत उतरते. वर ते पाणी न उकळलेलं, लेकराला जुलाब होतील. आईच्या दुधानं साखर धरून राहते."

"तू मला शिकव. किती लेकरं झाली तुला?"

मग मी आत्याबाईंच्या समोर जाऊन उभी राहिले. बाकाचा हात धरला नसता तर पडलेच असते.

"आत्याबाई, गेल्या पंचमीला आपली बांडी म्हैस व्याली. रेडकू उठेना. दारात पाच माणसं खरवसाला चीक मागायला उभी होती. तुम्ही काय केलंत?"

त्यांनी बाळाचं फडकं उगाच सारखं केलं.

"सांगा की. सगळी इथंच आहेत, चीक मागणारी. तुम्ही त्यांना हाकललंत. म्हणालात, आधी रेडकाच्या पोटात, मग तुमच्या. लोक म्हणाले, म्हशीची वार पडल्याशिवाय पाजू नये, जुनी रीत आहे. तुम्ही म्हणालात, रीत गेली खड्ड्यात, तासात चीक गेला न्हाई तर रेडकू बसतं ते उठत न्हाई. म्हणालात का नाही?"

"म्हैस आन बाई एक हाय व्हय गं?" आत्याबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"नाही. म्हशीला तुम्ही जपता."

नवरा माझ्यामागं येऊन उभा होता. आत्याबाईंचा हात उठेल असं मला क्षणभर वाटलं, आणि उठला असता तरी मी हलणार नव्हते. मी खाली वाकले आणि त्यांच्या मांडीवरून माझी मुलगी उचलली. त्यांनी ओढून धरली नाही.

खोलीपर्यंत परत जायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी तिथंच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि छातीवरचं सारलं. पुरुषमाणसं चटकन जिन्याकडे वळली. पण बाळ तोंड उघडेना. ओठांना लावलं तरी ते तसंच, मान एका बाजूला पडलेली. सलोमीनं गालाला टिचक्या मारल्या, तळपायाला गुदगुल्या केल्या. काही नाही. मी पिळलं तर पिवळट घट्ट दोन थेंब आले आणि तिच्या हनुवटीवरून ओघळून गेले.

"घे गं बाळा, घे गं," मी म्हणत होते. एवढं भांडून मिळवलं आणि आता ती घेईना. मी हमसून रडायला लागले. आत्याबाईंना ते दिसू नये असं वाटत होतं, तेही जमलं नाही.

"सर बाजूला," आत्याबाई म्हणाल्या.

मी बाळाला आणखी घट्ट धरलं.

"अगं सर, म्हंतीया ना! घेत न्हाई तिला तुझ्याकडनं. असं आडवं धरून कसं पील ती? ए पोरी, साबण कुठं हाय?"

त्यांनी मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. नखं दोनदा घासली. धार काढायच्या आधी धुवायच्या तशीच, पण जास्त वेळ. मग माझ्यासमोर खाली बसल्या. बाळाचं फडकं सोडून तिला माझ्या उघड्या अंगाशी लावली, मान हाताच्या बेचक्यात सरळ केली. सलोमीनं आणलेल्या स्वच्छ वाटीत मला पिळायला लावलं. त्या थेंबात करंगळी बुडवून त्यांनी ती बाळाच्या तोंडात घातली आणि टाळूला हळूहळू घासत राहिल्या.

"उठ गं माझी बाई. उठ," असं पुटपुटत होत्या. गोठ्यात अशक्त रेडकाशी बोलायचा हाच आवाज मी दीड वर्ष ऐकत आले होते.

एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा बाळानं करंगळी ओढली.

"आली!" आत्याबाई म्हणाल्या. "आता मी बोट काढते तवा तू लाव. येळ करू नगंस. आता!"

तिनं धरलं, सोडलं, परत धरलं. मग एक बारीक घोट गेल्याचा आवाज आला. आत्याबाई उभ्या राहिल्या, पदर दोन्ही हातांनी पसरून माझ्यापुढं आडोसा करून थांबल्या, आणि जिन्याकडे तोंड करून ओरडल्या, "बघताय काय? जावा घरला! दूध सांच्याला मिळंल!"

तासाभरानं सलोमीनं परत टाचेला टोचलं. या वेळी माझी मुलगी दवाखाना दणाणून सोडेल अशी रडली. यंत्रावर अठ्ठेचाळीस आलं. सलोमी नाचायची तेवढी बाकी होती. आत्याबाईंनी ते यंत्र हातात घेऊन आकड्याकडे खूप वेळ बघितलं. त्यांना आकडे वाचता येत होते, दुधाचं माप लिहायच्या त्या.

"ह्ये आधी किती हुतं?" त्यांनी विचारलं.

"एकतीस," सलोमी म्हणाली.

"आन हात थरथरत हुते ते ह्येच्यानं?"

"हो आजी. साखर उतरली की अशी थोराड बाळं असंच करतात. गपगार पडून राहतात, हात कापतात."

त्यांनी यंत्र खाली ठेवलं आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गोठ्याकडे निघून गेल्या. पुढचे दोन दिवस त्या आल्या, डबा ठेवला, गेल्या. गुळाची वाटी मात्र परत आणली नाही. दर दोन तासांनी मी पाजत होते आणि मला वाटत होतं, घरी गेल्यावर ही बाई याचा सूड उगवणार. चारचौघांत मी तिला म्हशीवरून बोलले होते. मीही मनात तयारी करून ठेवली होती. एकदा जिंकलेलं मी सोडणार नव्हते.

तिसऱ्या दिवशी आम्हाला घरी सोडणार होते. त्या सकाळी माझ्या शेजारच्या खाटेवर एक नवी बाळंतीण आली, लांबच्या वाडीवरची अठरा-एकोणीस वर्षांची पोर. तिलाही साखर निघालेली, तीही पार शेवटच्या आठवड्यात. बाळ थोराड. मॅडम नुकत्याच तिला पाजायला सांगून खाली गेल्या होत्या. माझा नवरा डबा घेऊन दारात उभा होता आणि आत्याबाई माझे कपडे पिशवीत भरत होत्या. तेवढ्यात त्या पोरीची सासू झाकलेली वाटी घेऊन मोरीकडे निघाली.

"ए बाई," आत्याबाई म्हणाल्या. "काय हाय वाटीत?"

"चीक हाय. टाकाया निघालीया."

"बस खाली."

"आँ?"

"बस खाली म्हंतीया." ती बाई घाबरून खाटेच्या कडेला टेकली. आत्याबाईंनी तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि जपून टेबलावर ठेवली.

"माझी दोन गेली," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, दूध मोजताना असायचा तसा. "पयला पोरगा. दुसरी पोरगी. दोन्ही असलीच, थोराड. गाव बघाया आलं, म्हणलं निलव्वाला गणपती झाला. पोरगा दुसऱ्या दिशी गेला. पोरगी तिसऱ्या दिशी. हात कापत हुते त्यांचे. सासू म्हणली, थंडी हाय, शेक दे. मी शेक दिला. लोक म्हणले दृष्ट लागली. माझी छाती दुधानं दाटून मला ताप भरला, आन मी मोरीत बसून पिळत हुते. लेकरू पल्याडच्या खोलीत उपाशी."

मी नवऱ्याकडे बघितलं. आपण पहिलेच, असं तो आजवर समजत होता. मीही.

"मग ह्यो?" त्या बाईनं माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"ह्यो तिसरा. यल्लम्माच्या जत्रंला गेलतं समदं घर. मी एकटी, गोठ्यातच बाळंत झाले. ह्यो रडाया लागला तो ऱ्हाईना. आडवं याया कुणी नव्हतं. लावला अंगाला. सासू परत आली तिला सांगितलं न्हाई. कुणालाच सांगितलं न्हाई. तीस वरसं झाली. ह्येला शिंक आली तरी मला वाटायचं, रीत मोडली त्या पापानं आली. सोमवार धरले त्येच्यापायी. म्हणलं, सुनंच्या हातनं तरी ते पाप नगं."

मग वाटी उचलून त्या पोरीच्या खाटेवर ठेवली.

"पाप ते नव्हतंच. मोरीत वतलं ते हुतं. मला सांगणारं कुणी नव्हतं गं बाई. तुला मी सांगतीया. हिनं मला सांगितलं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "माणसांत सांगितलं, तोंडावर सांगितलं. लई राग आला मला. अजून हाय."

मला रडू आवरेना. नवरा डबा घेऊन तसाच उभा होता. मग तो आत आला, आईच्या पायाशी जमिनीवर बसला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"आमच्यात न्हाई पाजत," ती दुसरी सासू अजून म्हणत होती. "मालक रागं भरतील."

"मालकाला दे पाठवून माझ्याकडं."

दुपारी बाराला मॅडमनी आमचा घरी सोडायचा कागद केला. रिक्षा दारात लागली. मी बाळाला घेऊन उठले, पण आत्याबाई हलल्या नाहीत. त्यांनी बाक ओढून त्या पोरीच्या खाटेपाशी लावला होता आणि मोरीकडे जायची वाट अडवून त्या बसल्या होत्या.

"आत्याबाई, चला."

"तुमी व्हा म्होरं. मी हाय हितं दोन-तीन दिस."

"आणि म्हशी?"

"ह्येला दोन हात हायत की. धार काढायला आईच कशाला लागती?" नवऱ्यानं मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच मला तो खुशीत हुकूम ऐकताना दिसला.

दारातून मी एकदा मागं बघितलं. ती पोर सासूच्या तोंडाकडे बघत, बाळ हातात धरून अवघडून बसली होती. आत्याबाईंनी पदर खोचला होता आणि बाह्या कोपरापर्यंत वर केल्या होत्या.

"तिच्याकडं काय बघतीस? लेकराकडं बघ," त्या म्हणाल्या. "पाज. कोण आडवं येतंय ते मी बघते."